सात मिनिटांचं भांडण

नाटक कंपनीत तिला सगळे मावशी म्हणायचे. वयाच्या सव्विसाव्या वर्षापासून म्हणायचे, कारण सव्विसाव्या वर्षी तिला पहिली भूमिका मिळाली ती नायिकेच्या मावशीची. नायिका तिच्याहून चार वर्षांनी मोठी होती. केसांना पांढरी पावडर फासून ती स्टेजवर आली, चार वाक्यं बोलली आणि गेली. लोकांना खरी वाटली. मग पुढची एकतीस वर्षं ती खरीच वाटत राहिली. कधी मावशी, कधी शेजारीण, कधी घरमालकीण, एकदा मुख्याध्यापिका.

या सगळ्या बायकांचं काम एकच असायचं. नाटकातलं मोठं भांडण पेटायच्या आधी त्या खोलीत असायच्या, आणि भांडण तोंडाशी आलं की त्यांना बाहेर काढलं जायचं. "मावशी, जरा चहा टाकता का?" असं कोणीतरी म्हणे आणि मावशी ट्रे उचलून निघे. ती विंगेत पोचते न पोचते तोच मागे पहिला आवाज चढायचा. मग ट्रे हातात तसाच धरून ती काळ्या पडद्याआड उभी राहायची आणि ऐकायची. शेजारच्या बिऱ्हाडातली कटकट भिंतीपलीकडून ऐकावी तशी तिने शेकडो भांडणं ऐकली. कोण कुठे श्वास घेणार, कोणाचा आवाज कुठे फाटणार, हे तिला पाठ होतं. तिच्या स्वतःच्या वाट्याला मात्र एकतीस वर्षांत एकही भांडण आलं नाही.

कंपनीचे दिग्दर्शक म्हणजे मास्तर. खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून ते तालीम घ्यायचे. एकदा दोन बहिणींच्या भांडणाची तालीम चालली होती. दोघी नट्या जीव तोडून ओरडत होत्या. मास्तरांनी हात वर केला.

"तुला काय हवंय?" त्यांनी थोरली झालेल्या नटीला विचारलं.

"मला तिचा राग आलाय."

"तो दिसतोय. बाहेर तिकिटं फाडणाऱ्यालाही दिसला असेल. राग येतो, तो काही कोणाला हवा नसतो. तुला हवंय काय?"

थोरली विचारात पडली. "तिने माफी मागावी."

"मग ती तिच्याकडून काढ. ओरडून निघते का बघ. नाही निघाली तर गोडीत घे. नाही तर तिचे केस विंचरून दे, नाही तर रड. काहीही कर, पण दर वाक्याला तिच्याकडे बघ, निघाली का म्हणून." मग ते धाकटीकडे वळले. "आणि तू. माफी तुझ्या अगदी जिभेवर आहे. पण द्यायची नाही. दिलीस की नाटक संपलं, लोक घड्याळं बघायला लागतील."

दोघींनी प्रसंग पुन्हा सुरू केला, या वेळी जवळजवळ कुजबुजत. हॉलच्या मागे एक माणूस केर काढत होता, त्याचा झाडू थांबला. मावशीचं काम त्या प्रसंगाच्या आधीच संपलं होतं आणि तिची बसही होती, पण ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. बस गेली.

पुढे एकदा धीर करून तिने मास्तरांना विचारलं होतं, भांडणाचा एखादा प्रवेश मला द्याल का. मास्तर तिच्याकडे बघून हसले. "तुझ्या चेहऱ्यावर भांडण बसत नाही गं. तुला बघितलं की माणसाला वाटतं, ही ऐकून घेईल." ते त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. मावशी "बरं" म्हणाली.

'बरं' हा शब्द तिच्या तोंडी फार बसला होता. कंपनीत दिवे लावणारा एक जण होता, शांत, हाताला सतत भाजल्याच्या खुणा असलेला. त्याला दुसऱ्या गावी पक्की नोकरी लागली तेव्हा त्याने तिला विचारलं, येतेस का. ती घरी आली आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग माझं काय?" मावशी आईला बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी दिवेवाला म्हणाला, "मग मी एकटाच जाऊ?" त्यालाही ती बरं म्हणाली. कोणाचा आवाज चढला नाही, कोणी दार आपटलं नाही. तो गेला.

कंपनी बंद पडली तेव्हा मावशी सत्तावन्न वर्षांची होती. थिएटरात फर्निचरचं गोदाम झालं. दोन वर्षांनी आई गेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मावशी एकटी उरली. एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू. तिथे सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या होत्या, आणि कोणाचं तोंड दिसायच्या आधी हात दिसायचे.

एकटं राहायला काही लागत नाही असं तिला वाटलं होतं. मग एक दिवस फोन वाजला, तिने उचलला, आणि आवाजच निघाला नाही. दुपारचे चार वाजले होते आणि उठल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. त्यानंतर ती रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मोठ्याने वाचायला लागली. जुनी शिलाई मशीन विकणे आहे. दोन खोल्या भाड्याने देणे आहे. आवाज गंजू नये एवढ्यासाठी. नाही तर काही दिवसांचं सगळं संभाषण कोपऱ्यावरच्या दुकानात उरकायचं. "पिशवी हवी?" "आणलीय."

पुढे तिला परीक्षेचं एक काम मिळालं, ते कंपनीच्या जुन्या मेकअपवाल्यामुळे. तो आता मेडिकल कॉलेजमध्ये नकली जखमा रंगवायला जात असे. शिकाऊ डॉक्टरांना पेशंटशी बोलता येतं का, याची परीक्षा असते, त्यासाठी पेशंट होणारी माणसं लागतात, तो म्हणाला. "तू जा. तुला आजारी दिसायला मेकअपही लागणार नाही." मावशी हसली आणि गेली.

एक लांबलचक व्हरांडा, त्याच्या कडेने बारा खोल्या. प्रत्येक खोलीच्या दारावर एक कार्ड. विद्यार्थी बाहेर उभा राहून मिनिटभर कार्ड वाचायचा, टकटक करून आत यायचा. आत दोन खुर्च्या, मध्ये टेबल, कोपऱ्यात स्टुलावर परीक्षक, मांडीवर खुणा करायचा कागद. सात मिनिटांनी घंटा वाजायची. की तो विद्यार्थी पुढच्या खोलीत, आणि मावशीच्या समोर नवा चेहरा, आणि तेच दुखणं पहिल्यापासून.

पहिल्या वर्षी तिला पोटदुखी मिळाली, दुसऱ्या वर्षी गुडघा. तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या प्रमुख मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "मावशी, तुम्हाला आम्ही अवघड नातेवाईक करतोय."

म्हणजे भांडण. सव्विसाव्या वर्षापासून जे मिळालं नव्हतं, ते तिला एकसष्टाव्या वर्षी मिळालं, एका वेळी सात मिनिटं, दिवसातून बारा वेळा. त्या दिवशी घरी येताना ती बसमध्ये उगीचच हसत होती आणि शेजारच्या बाईने पर्स जरा जवळ ओढून घेतली.

नातेवाईक झालेली बाकीची माणसं ओरडायची. टेबलावर मुठी आपटायची. विद्यार्थी त्याला तयार असायचे, हाताची घडी घालून पाऊस थांबायची वाट बघावी तसे बसायचे. मावशी ओरडत नसे. ती कार्डावर पेन्सिलने एकच ओळ लिहायची, या बाईला काय हवंय. समोरच्याला देता येणार नाही असं काही तरी. मग सात मिनिटं ती ते त्याच्याकडून काढायला बघायची, समजुतीने, लाडीगोडीने, मध्येच गप्प बसून. तिच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या शर्टाच्या पाठी ओल्या असायच्या. व्हरांड्यात तिच्या खोलीला त्यांनी काय नाव ठेवलं होतं ते तिला कधी कळलं नाही, पण काहीतरी होतं, कारण ती दिसली की घोळक्याचं बोलणं थांबायचं.

वर्षातले सगळे मिळून अकरा दिवस. उरलेलं वर्ष ती त्या अकरा दिवसांच्या आगेमागे जगायची. समोर एक माणूस बसलंय, त्याचं सगळं लक्ष आपल्याकडे आहे, आपण पुढे काय बोलणार याची ते वाट बघतंय. अशी गोष्ट तिला दुसरीकडे कुठे मिळत नव्हती.

सातव्या वर्षीच्या परीक्षेत तिला जे कार्ड मिळालं ते असं होतं. तुमच्या पतीचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं आहे. आज सकाळी तिसऱ्यांदा ढकललं. तुम्हाला ते आजच व्हायला हवं आहे. खाली विद्यार्थी विचारण्याची शक्यता असलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. 'बरोबर कोण आहे?' या प्रश्नाचं उत्तर होतं, 'मुलगा आहे, खाली गाडी लावतोय.'

पहिला विद्यार्थी रक्तदाबावर पाठ केलेलं बोलला, तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत. दुसऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि घाबरून म्हणाला, "मी करतो काहीतरी, आज होईल बहुतेक." कोपऱ्यातल्या परीक्षकाने लगेच काहीतरी लिहिलं. परीक्षक म्हणजे एक सडसडीत डॉक्टर होते, सारखे चष्मा पुसणारे. चौथी मुलगी इतक्या वेळा सॉरी म्हणाली की मावशीला तिचीच समजूत घालावीशी वाटली. आठ जण आले आणि गेले. आठही जणांनी शेवटी शेवटी विचारलं, बरोबर कोण आहे, कारण ते त्यांच्या यादीत होतं. आठही जणांना तिने सांगितलं, मुलगा आहे, खाली गाडी लावतोय. उत्तर मिळालं की ते मान डोलवायचे आणि पुढच्या मुद्द्यावर जायचे. मुलगा तासाभराहून जास्त वेळ गाडी लावत होता.

नवव्या मुलीने टकटक केली, आत आली, आणि खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून अलीकडे आणली. तिच्या खिशाला नऊ नंबरचा बिल्ला होता आणि बोटांना शाई लागलेली होती. ती मावशीच्या बाजूला बसली.

"तुम्ही सकाळपासून इथे आहात?"

"कालपासून," मावशी म्हणाली. "आणि मला आज ऑपरेशन हवंय."

"आज होणार नाही," मुलगी म्हणाली.

इतकं सरळ आधी कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी त्याला कापूस गुंडाळला होता. मावशीला बरं वाटलं. दोरीचं दुसरं टोक पहिल्यांदा कोणीतरी धरलं होतं.

"का नाही होणार? काल म्हणालात आज. परवा म्हणालात काल."

"हो. तिन्ही वेळा आम्ही तुम्हाला खोटी आशा दिली. आज त्यांचा रक्तदाब फार वर आहे. आत्ता टेबलावर घेतलं तर त्यांना धोका आहे, आणि तो धोका मी घेऊ देणार नाही."

"तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या? तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या."

"बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "तरी पण नाही."

मावशीने गोडीत घेऊन बघितलं. मुलीने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मावशी गप्प बसून राहिली. मुलगीही बसून राहिली, ती शांतता भरून काढायची तिला घाई नव्हती. कोपऱ्यातल्या डॉक्टरांनी चष्मा पुसायचा थांबवला होता. मावशीला विंगेतला अंधार आठवला नाही, मास्तर आठवले नाहीत, काहीच आठवलं नाही. ती फक्त त्या मुलीकडे बघत होती, निघतंय का म्हणून.

मग मुलीने विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

उत्तर तोंडात तयार होतं. आठ वेळा दिलेलं. पण विचारताना मुलीने यादी आठवल्यासारखं वर बघितलं नव्हतं. तिने मावशीकडे बघितलं होतं.

"कोणी नाही," मावशी म्हणाली.

"घरी?"

"घरी पण कोणी नाही."

हे ऐकून आपण दचकलो हे मावशीला स्वतःच्या हातांवरून कळलं, ते एकमेकांत घट्ट धरले गेले होते. ऑपरेशन हवं असलेली बाई खोलीतून निघून गेली होती. जी उरली होती तिला एकच गोष्ट हवी होती, या मुलीने उठू नये.

घंटा वाजली.

मुलगी उठली नाही. व्हरांड्यात दारं उघडल्याचे, पावलांचे आवाज झाले. मुलीने टेबलावर हात ठेवला, मावशीच्या हाताच्या जवळ, हाताला न लावता. "मी बसते थोडा वेळ," ती म्हणाली.

आणि ती बसली.  पुढची तारीख सांगायची राहिली, कोणाला फोन करायचा ते सांगायचं राहिलं, कागदावरच्या शेवटच्या चार खुणा राहिल्या. शेवटी कोपऱ्यातले डॉक्टर म्हणाले, "नऊ नंबर, वेळ संपलीय." दहावा विद्यार्थी दारात येऊन उभा होता. मुलगी उठली, खुर्ची जागेवर नेऊन ठेवली आणि गेली.

दहाव्याला, अकराव्याला, बाराव्याला मावशीने सांगितलं, मुलगा आहे, खाली गाडी लावतोय.

सगळे गेल्यावर डॉक्टर कागद गोळा करत म्हणाले, "कार्डावर मुलगा होता, मावशी."

"हो. चुकलं."

"तुमचं कधी चुकत नाही."

मावशीने पर्स उचलली. डॉक्टर जिन्यापर्यंत तिच्याबरोबर चालत आले.

चौथ्या दिवशी निकाल लागला. मावशी त्याआधी कधी निकाल बघायला गेली नव्हती. फलकासमोरची गर्दी ओसरेपर्यंत ती खांबाशी उभी राहिली आणि मग पुढे जाऊन बघितलं. तिच्या गटातली अकरा माणसं पास होती. नऊ नंबर नव्हता. मावशीच्या खोलीत ती नापास होती, आणि तिच्यानंतरच्या खोलीतही, कारण तिथे ती उशिरा पोचली होती.

मावशी घरी न जाता वर प्रमुख मॅडमच्या खोलीकडे वळली. जिना चढताना तिने स्वतःलाच विचारलं, तुला काय हवंय. नऊ नंबरची त्या दोन खोल्यांची परीक्षा परत घ्यावी. बस. माफी नको, समजूत नको, दुसरं काही नको.

"या, मावशी," मॅडम म्हणाल्या. टेबलावर फायलींचा ढीग होता. "परीक्षक सर बोलले मला. दमला असाल, होतं असं. विसरून जा."

"नऊ नंबरच्या मुलीची परीक्षा परत घ्या, मॅडम."

"सहा महिन्यांनी होईलच. नापास झालेल्या सगळ्यांची होते."

"तिने चूक केली नाही. मी केली."

"तिनेही केली. घंटा झाली की उठायचं असतं." मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "उद्या वॉर्डात तिच्यासमोर चाळीस माणसं असतील. एकापाशी बसून राहिली तर उरलेल्या एकोणचाळीसांनी काय करायचं?"

हे खरं होतं.  'बरं, येते मी' हे शब्द आपोआप ओठांपर्यंत आले, अंगही खुर्चीतून अर्धं उठलं. आता निघायचं आणि मागे खोलीत जे व्हायचं ते होईल. तिने दाराकडे बघितलं. मग ती परत खाली बसली, या वेळी खुर्चीच्या कडेवर नाही, पाठ टेकून.

मॅडमचं पेन कागदावर टेकलं होतं, ते थांबलं.

"तुमच्या कार्डावरच्या मुलाला गाडी लावायला दीड तास लागला," मावशी म्हणाली. "त्याचीही एकदा परीक्षा घ्या."

मॅडम हसल्या. चांगल्या मोकळ्या हसल्या. पण हसण्याने काही सुटलं नाही, मावशीने बघितलं, त्यांचा हात फायलीवरच होता.

"अकरा जणांना मी मुलगा दिला," ती आवाज खाली आणून म्हणाली. "एकीलाच दिला नाही. अकरा जणांना एक प्रश्न आला आणि तिला दुसरा आला. आणि निकाल एकाच कागदावर लावलात."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"हे तुम्ही लिहून द्याल?"

"देते."

"कार्ड मोडलं असं लिहून दिलंत, तर मला तुम्हाला परत बोलावता येणार नाही. तो नियम मीच केलाय." मॅडम थोड्या पुढे वाकल्या. "मावशी, खरं सांगते, मला तुम्हाला घालवायचं नाहीये. तुमच्या खोलीत घाम फुटलेली मुलं पुढे खऱ्या माणसांसमोर कमी लटपटतात. असं काम दुसरं कोणी करत नाही माझ्याकडे. ती मुलगी हुशार आहे, सहा महिन्यांनी पास होईल. तुम्ही पुढच्या वर्षी या. कोणाचंच नुकसान नाही."

समोरचं माणूस नाही म्हणालं तर काय काय करून बघायचं, हे मावशीला ठाऊक होतं. समोरचं माणूस आपल्याला जे सगळ्यांत जास्त हवंय तेच हातावर ठेवतं तेव्हा काय करायचं, हे तिने विंगेत उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या वर्षीचे अकरा दिवस तिच्या डोळ्यांसमोर आले. टकटक, उघडणारं दार, समोरची खुर्ची. तिसरा मजलाही डोळ्यांसमोर आला.

"कागद द्या," ती म्हणाली.

तिने चार ओळी लिहिल्या. तारीख, खोलीचा नंबर, विद्यार्थ्याचा नंबर, मी नेमून दिलेलं उत्तर दिलं नाही. खाली सही केली. कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकांवर तिचं नाव नेहमी तळाशी असायचं, पण सही कोणी कधी मागितली नव्हती. सही करायला तिला वेळ लागला.

मॅडमनी कागद वाचला. "का दिलं नाहीत, ते लिहिलेलं नाही."

"ते लिहावं लागतं का?"

मॅडमनी कागद घडी करून फायलीत ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या. मग उठून दारापर्यंत सोडायला आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या.

खाली आल्यावर मावशी लगेच निघाली नाही. कॉलेजच्या पायरीवर ती बसली. आयुष्यातलं पहिलं खरं भांडण ती जिंकली होती, आणि ते सांगावं असं कोणी नव्हतं. थोड्या वेळाने ती उठली आणि चालतच घरी गेली, बसचे तीन थांबे.

तीन आठवड्यांनी सडसडीत डॉक्टरांचा फोन आला. नऊ नंबर दोन्ही खोल्यांत पास झाली होती.

"माझ्या खोलीत कोण होतं?" मावशीने विचारलं.

"एक निवृत्त शिक्षिका आहेत. बऱ्या होत्या. जरा ओरडत होत्या."

मावशीला आनंद झाला, आणि झाल्याची थोडी लाजही वाटली.

"त्या मुलीला काही माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑफिसची चूक झाली असं कळवलंय तिला. तुम्हाला भेटायचं असेल तर मी सांगतो."

"नको."

"तिला आवडेल. तुमच्याबद्दल विचारत होती, त्या बाई कोण म्हणून."

मावशी खिडकीशी उभी होती. समोरच्या इमारतीत कोणाचे तरी हात ताटं विसळत होते. "नको, डॉक्टर. तिला ते कार्डावरचंच वाटू दे."

 "काळजी घ्या," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात मावशी सवयीने लवकर उठली, केस विंचरले, आणि मग करायला काही नव्हतं म्हणून दोनदा चहा केला. फोन आला नाही. येणार नव्हता हे तिला माहीत होतं. छोट्या जाहिराती वाचून झाल्यावर ती बातम्याही मोठ्याने वाचायला लागली. मेकअपवाला एकदा येऊन गेला, त्याच्या मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला जातोय हे सांगायला. जाताना त्याने दारात उभं राहून विचारलं, "तुझं ठीक चाललंय ना?" मावशी म्हणाली, "कंटाळा येतो रे." आजवर ती असल्या प्रश्नाला ठीक आहे म्हणत आली होती. तो परत आत येऊन अर्धा तास बसला.

नऊ नंबरची मुलगी तिला त्यानंतर एकदाच दिसली. हॉस्पिटलसमोरच्या मोठ्या चौकात. मावशी घड्याळाचा पट्टा बदलून घ्यायला तिकडे गेली होती आणि फुटपाथच्या कडेला उभी होती. शेजारी तीन तरुण मुली येऊन थांबल्या, पांढरे कोट हातावर टाकलेले. एकीच्या बोटांना शाई होती.

मावशीने तिच्याकडे बघितलं. मुलीनेही बघितलं, रस्त्यात शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईकडे बघावं तसं, आणि नजर पुढे गेली. वर्षापूर्वी ती एका बाईजवळ आठेक मिनिटं बसली होती, जिचे केस विस्कटलेले होते आणि नवरा आजारी होता. ही बाई नीटनेटकी होती, हातात घड्याळाच्या दुकानाची पिशवी होती. ओळखायचं काही कारण नव्हतं.

दिवा हिरवा झाला. दोघी मैत्रिणी निघाल्या. नऊ नंबरने एकदा रुंद रस्त्याकडे आणि एकदा मावशीच्या पायांकडे बघितलं.

"चला आजी," ती म्हणाली आणि मावशीचं कोपर धरलं. "इथला दिवा फार लवकर बदलतो."

मावशीची चाल चांगली होती. रोज तीन जिने ती न थांबता चढायची. पण रस्त्यात पहिलं पाऊल टाकताना तिने डावा गुडघा जरा आखडता धरला, वजन मुलीच्या हातावर थोडं जास्त टाकलं, आणि पाऊल लहान केलं. अगदी लहान नाही, मुलीला घोर लागेल इतकं नाही. मुलीने लगेच आपली चाल तिच्या चालीला जुळवली. समोरच्या गाड्यांना तिने दुसरा हात करून थांबवून धरलं. रस्त्याच्या मध्यावर तिने विचारलं, "दुखतंय का?"

"थोडंसं," मावशी म्हणाली.

"सावकाश. घाई नाहीये."

पलीकडच्या फुटपाथवर चढल्यावर मुलीने कोपर सोडलं, "जपून जा" म्हणाली, आणि पुढे गेलेल्या मैत्रिणींना गाठायला धावली. मावशीने तिला वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघितलं.

तिची बस खरं तर ती मघाशी उभी होती त्याच बाजूला थांबायची. दिवा पुन्हा हिरवा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.